मधला ठिपका

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नऊ वर्षांची जुई शिंत्रे आईपासून बावन्न किलोमीटरवर उभी होती, आणि बापापासूनही बरोब्बर बावन्नच किलोमीटरवर. आई कोल्हापुरात, बाप रत्नागिरीत. झोपली होती ती कोल्हापुरात, आईच्या शेजारी. उर्मिलानं, म्हणजे तिच्या आईनं, डबा भरता भरता दोन हाका मारल्या, मग येऊन पांघरूण ओढलं, तर खाली पोरीच्या अंगाची ऊब तेवढी होती. तेवढ्यात फोन वाजला. आईचा जुना फोन जुईला दिलेला होता, त्यावरून.

"आई," जुई म्हणाली, "मी मध्ये आहे."

"कशाच्या मध्ये?"

"तुझ्या आणि बाबाच्या."

आवाज तिचाच होता, पण फिरत्या पंख्यासमोर तोंड धरून बोलल्यासारखा, कापरा. सड्यावर आहे म्हणाली. चहूकडे सपाट काळा कातळ, लांबवर दोन म्हशी, माणूस कुणी नाही. अंगात स्वेटर आहे, चप्पल नाही, पाय गार पडलेत. शाळेला उशीर होईल का, असंही तिनं विचारलं.

उर्मिलाच्या हातून डब्याचं झाकण पडलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. ते थांबेपर्यंत ती नुसती बघत उभी. पण तुम्हाला वाटेल तशी ती किंचाळली नाही, शेजाऱ्यांची दारं वाजवली नाहीत, पोलिसांत गेली नाही. हे कसं झालं ते तिला ठाऊक होतं. बुधवारी संध्याकाळी तिनंच ते करून ठेवलं होतं.

उर्मिला चौदा वर्षं एका ध्वनिपरीक्षण प्रयोगशाळेत नोकरीला होती. साखर कारखान्यांची टर्बाईनं, पंप, पंखे, जे म्हणून यंत्र कुरकुरतं त्याचा आवाज टिपून इथं यायचा आणि इथली माणसं त्याचा नकाशा काढायची. नकाशात डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर आवाजाची उंची. कुठल्या क्षणी कुठला आवाज झाला ते ठिपक्यांनी दिसायचं. रीत अशी, की आवाजाची फीत एका जागी दुमडायची, डावी बाजू उजवीवर आणायची, दोन्हीत जे जुळेल त्याचा ठिपका त्या घडीवर टाकायचा, मग पुढच्या जागी दुमडायची. यंत्र हे मिनिटात हजारदा करतं. फक्त त्यात एक खोड आहे. फितीत आवाज दोन असले की नकाशावर ठिपके तीन पडतात. दोन खरे, आणि त्यांच्या मधोमध तिसरा, जो कुणीच काढलेला नसतो. हा तिसरा पट्ट्यापट्ट्यांचा असतो. एक पट्टा पांढरा, म्हणजे तिथं काहीतरी आहे. पुढचा काळा. काळा म्हणजे तिथं काही नाही असं नव्हे हं. काही नाहीच्याही खाली, उणे. पांढऱ्या-काळ्याची बेरीज शून्य होते, म्हणून एकूण गणित चुकत नाही.

प्रयोगशाळेत त्याला 'मधला' म्हणत. गिऱ्हाइकाला मधला दाखवायचा नाही, हा इथला पहिला नियम. हा कुठल्या यंत्राचा आवाज, असं तो विचारणार, आणि तुम्ही काय सांगणार, कपाळ? तेव्हा अहवाल जायच्या आधी मधल्यावर बोळा फिरवायचा. बोळा फिरवला की मधला जातो. खऱ्या दोघांच्याही कडा जातात, ते फुगतात, धुरकट होतात, पण तेवढं चालवून घ्यायचं. बोळा फिरवू का, असं एकानं विचारायचं, फिरवा की, असं दुसऱ्यानं म्हणायचं. दिवसातून वीसदा हे बोलणं व्हायचं, आणि चौदा वर्षांत उर्मिलानं 'थांबा' असं एकदाही म्हटलं नव्हतं.

बुधवारी नवीन यंत्र आलं. नवीन यंत्राला आधी दोन स्वच्छ आवाज देऊन बघतात. मधला नीट पडला की यंत्र ठीक. बाकीचे नादकाटे वाजवतात. उर्मिलाला नादकाट्यांची पेटी सापडेना, म्हणून तिनं आपल्या फोनमधला रविवारचा कॉल लावला. नवरा-बायकोचं भांडण होतं ते. जयवंत रत्नागिरीला बंदरावर भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवायला, ती कोल्हापुरात, दोन वर्षं असंच चाललेलं, आणि येत्या जूनपासून जुईनं कुणाकडे राहायचं यावरून दर रविवारी जुंपायची. त्यातली दोन वाक्यं तिनं काढून घेतली. आधी जयवंतचा खर्जातला आवाज, जुई इथं राहील. मग तिचा चढा, जुई इथंच राहील. यंत्रानं घडी घातली. मधला पडला, आणि त्याचे पट्टे अगदी जुईच्या शाळेच्या स्वेटरसारखे, पांढरा, काळा, पांढरा. उर्मिलाला गंमत वाटली. बोळा न फिरवता, घडी न मोडता ती तशीच घरी गेली. असं तिनं जन्मात कधी केलं नव्हतं.

आता गुरुवारी सकाळी तिनं कुणीही आई करेल तेच केलं. स्कूटर काढली, फोन शिरस्त्राणात खुपसला आणि रत्नागिरी रस्त्याला लागली. पोरीला म्हणाली, हलू नकोस, मी आलेच. पूल ओलांडला, केर्ली मागं पडलं. जुई म्हणाली की ती सरकतेय. उर्मिला तिच्यावर खेकसली, चालू नको म्हटलं ना. जुई रडवेली होऊन म्हणाली, मी पाय उचलतच नाही, सडाच मागं जातोय, म्हशी पण मागं गेल्या. उर्मिलानं ऐकलं न ऐकल्यासारखं करून स्कूटर आणखी पिळली.

वाघबिळाच्या चढाला जुई म्हणाली, "आई, सडा संपला. पुढं दरी आहे. ढग माझ्या खाली आहेत."

उर्मिलानं ब्रेक असा दाबला की मागचा ट्रॅक्टरवाला शिव्या घालत बाजूनं गेला. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती बारा किलोमीटर पुढं आली होती, म्हणून जुई सहा किलोमीटर पश्चिमेला सरकली होती. जी दोघांच्या मध्ये आहे तिच्याकडे एकटीनं धावायचं नसतं. जितकं धावाल त्याच्या निम्म्यानं ती पुढं ढकलली जाते. चौदा वर्षं ही बाई हेच बघत होती, एक ठिपका हलवला की मधला निम्म्यानं हलतो, आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी तिला आठवलं नाही. तिला भरून आलं, पण रडायला वेळ नव्हता.

तिनं त्याच कॉलमध्ये जयवंतलाही जोडून घेतलं. तो पलंगावर बसला होता, एक मोजा पायात, एक हातात. जुईनं त्यालाही सांगितलं होतं, पण त्याचा विश्वास बसेना. उर्मिलानं सगळं सांगितलं. निघ म्हणाली. तो म्हणाला, तू आधी मागं फिर, तू दोन किलोमीटर मागं गेलीस तर ती एक किलोमीटर आत येईल. ती म्हणाली, मागं मीच का फिरायचं, तू पुढं ये. तो म्हणाला, दर वेळी मीच का यायचं. आणि झालं सुरू. दरीच्या तोंडाशी पोर उभी आणि ही दोघं रविवारची उजळणी करतायत. मला विचाराल तर दोघांच्याही कानाखाली वाजवायला हवी होती.

"बाबा," जुई मध्येच म्हणाली, "माझी बोटं दरीत आहेत."

भांडण तिथंच तुटलं. उर्मिलानं स्कूटर वळवली. जयवंत दुसरा मोजा न घालताच मोटरसायकलवर बसला.

आता तुम्ही म्हणाल, जयवंतनं सरळ कोल्हापूरच गाठायचं, म्हणजे जुई आपोआप आईच्या दारात येईल. उर्मिलाही तेच म्हणाली. त्यावर जयवंत म्हणाला, म्हणजे जुई कोल्हापूरचीच झाली की. आणि शिवाय मध्ये विहिरी, उसाचे फड, विजेच्या तारा, ती कशाकशातून सरकत येणार? ते खरं होतं, पण तेवढ्यासाठी तो म्हणत नव्हता, हे उर्मिलाला कळलं. ती रत्नागिरीला गेली तर पोर दरीवरून हवेतून जाणार, तेव्हा तोही रस्ता बंद. उरला एकच. निम्मं तू ये, निम्मं मी येतो. सारख्या वेगानं दोन्हीकडून निघायचं, म्हणजे जुई सड्यावर आहे तिथंच राहील, आणि आपण तिच्यापर्यंत पोचू. दोन वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेलं हे पहिलंच वाक्य होतं.

मग दिवसभर ती दोघं एसटीच्या कंडक्टरांसारखी गावांची नावं पुकारत राहिली. हातखंबा, तो म्हणायचा. केर्लीतून परत फिरले, ती म्हणायची. पाली. वाघबीळ. एकाला रस्ता मोकळा मिळाला की दुसऱ्यानं गाठावं, तोवर पहिल्यानं थांबावं. उसाच्या ट्रॉल्यांमागं उर्मिला अडकली, तेवढ्यात जयवंत नाणिजच्या पुढं निघून गेला, तर जुई दोन किलोमीटर आत येऊन एका तळ्यात कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली. उर्मिला ओरडली तसा तो मागं गेला आणि पोर निथळत पुन्हा सड्यावर आली. रस्ता वळणावळणाचा, पोर सरळ रेषेत. दुपारपर्यंत दोघांच्या जिभेला नुसतं गावांचं वळण पडलं.

जसजशी ती जवळ यायला लागली तसतसा जुईच्या आवाजातला कापरेपणा मंदावत गेला. आधी उर्मिलाला बरं वाटलं. मग तिला आठवलं, की दोन खरे ठिपके जितके लांब तितके मधल्याचे पट्टे बारीक, आणि जवळ आणले की पट्टे रुंद होतात. पांढरा रुंद होतो तसा काळाही.

पहिला मोठा काळा पट्टा बांबवड्यात आला. उर्मिला ट्रॉल्यांमागं थांबली होती. जुईच्या जन्माच्या वेळचं ऑपरेशन झाल्यापासून थंडीत गाडी चालवली की पोटावरचा टाका ओढायचा, म्हणून सवयीनं तिनं कुडत्याखाली हात घालून तो दाबला. पोट गुळगुळीत होतं. त्यात तिला काही वेगळं वाटलं नाही. ऊन छान पडलं होतं, उसाचा गोड वास येत होता, आपण इथं कशाला आलोय ते तिला सांगता आलं नसतं, पण कुणी विचारलंही नाही. फोनमधून जयवंत बोलला.

"उमे, कुठायस?"

लग्नाआधी तो तिला उमे म्हणायचा. ती म्हणाली, बांबवड्यात. तो म्हणाला, मी साखरप्याला. कशाला निघालोय गं आपण? ती म्हणाली, काय की, हवा चांगली आहे म्हणून असेल. तो हसला. त्याचं ते हसणं तिनं दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. तीही हसली. पायात एकच मोजा घातलाय मी, तो म्हणाला, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईतो हसली.

मग तिच्या बोटाखाली टाका हळूहळू वर आला, दोरी उमटावी तसा. फोनमध्ये जुई रडत होती. ती विचारत होती, "मी आत्ता कुठं होते?"

दोघांनाही कळलं होतं की काय झालं. पोर उणी झाली होती, आणि जेवढी ती उणी झाली तेवढी ही दोघं जास्त झाली होती. एकूण बेरीज तीच. नकाशात कधी चूक नसते. उर्मिलाला स्वतःची अशी किळस आली की तिनं रस्त्याच्या कडेला जाऊन उलटी केली. आपण सुखी होतो, आणि पोर नव्हतीपेक्षाही नव्हती. हे कुणाला सांगणार ती?

तिनं पर्समधून पेन काढून तळहातावर ठळक लिहिलं: जुईकडे जा. जयवंतलाही लिहायला लावलं. आणि पांढरा पट्टा चालू आहे तोवर तिनं प्रयोगशाळेत फोन केला.

बेनाडीकर सर तिचे वरिष्ठ. माणूस कडक, पण दिल्या शब्दाचा. नवीन यंत्रावर मधला तसाच आहे, त्याला हात लावू नका, तिनं विनवलं. सरांना ते मुळीच रुचलं नाही. पाच वाजता यंत्राची पाहणी होती, आणि पाहणीला यंत्र कोरं असावं लागतं, त्यावर मधला म्हणजे संडासाची चप्पल घालून देवळात जाण्यासारखं. उर्मिला रडायला लागली तसे ते गडबडले. शेवटी म्हणाले, "बरं बरं. शिंत्रे मॅडम, तुम्हाला विचारल्याशिवाय बोळा फिरवत नाही. झालं?"

तिचा जीव भांड्यात पडला. सरांनी शब्द दिला म्हणजे दिला.

मलकापूरला काळा पट्टा पाच मिनिटांचा झाला. उर्मिलानं तळहात पाहिला, तिथं नुसतं 'कडे जा' लिहिलेलं होतं. कुणाकडे ते तिला कळेना, पण लिहिलंय तर जाऊ, म्हणून ती जात राहिली. जयवंतच्याही हातावर तेच होतं, त्यामुळे दोघांना मोठी मौज वाटली. आंबा गावाच्या अलीकडे पट्टा वीस मिनिटांचा झाला. त्या वीस मिनिटांत त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात कुठं फिरायला जायचं ते ठरवलं, दोघांनीच. मग पांढरा आला आणि दोघं तोंडं मिटून गाड्या चालवत राहिली, चोरी करताना सापडल्यासारखी.

पावणेपाचला उर्मिला सड्याच्या पूर्वेच्या टोकाला पोचली. स्कूटर सोडून ती चालू लागली. पश्चिमेच्या टोकाकडून, दरीच्या बाजूच्या पायवाटेनं, जयवंत वर आला. ऊन तिरपं झालेलं. आणि मधोमध जुई उभी, काळ्या-पांढऱ्या स्वेटरमध्ये, पाय अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. सकाळपासून ती तिथं होती, अधूनमधून.

"दोघं एकदम या," ती ओरडून म्हणाली. "एकटं कुणी पळू नका."

ती दोघं एकेक पाऊल टाकत आली. शंभर पावलं, पन्नास, तीस. उर्मिलाला पोरीच्या ओठांवरचं सोललेलं कातडं दिसलं. दोन्हीकडे पंधरा पंधरा पावलं उरली होती, आणि तेव्हाच काळा पट्टा आला.

सडा मोकळा झाला. समोर तीस पावलांवर एक माणूस उभा होता, तो जयवंत होता, आणि उर्मिलाला तो फार आवडायचा. तो म्हणाला, अगं केवढी लांब आलीस. ती म्हणाली, तू काय जवळ आलायस का. दोघांच्या मधली जागा जराशी खोल वाटत होती, कातळ तिथं खाली गेल्यासारखा, पण नीट बघितलं तर सपाटच. जयवंत म्हणाला की इथून समुद्र दिसत असेल बहुतेक. तिनं हातानं डोळ्यांवर सावली केली. तळहातावरच्या शाईकडे तिनं पाहिलंही नाही.

फोन वाजला. बेनाडीकर सर होते.

"शिंत्रे मॅडम, पाहणीवाले आले बघा. तुम्हाला विचारतो म्हणालो होतो, म्हणून फोन केला. नव्या यंत्रावर तो मधला आहे की ओ अजून. ठेवायचा का बोळा फिरवू?"

उर्मिलाला सरांचं हसू आलं. मधला कुणी ठेवतं का? हे काय विचारायचं झालं?

"फिरवा की, सर," ती म्हणाली.

"नक्की ना? मघाशी तुम्ही रडत होता."

"मी? कशाला?"

"बरं, मग लावतो. नवं यंत्र जरा हळू आहे, वरून खाली यायला पाचेक मिनिटं घेतंय."

तिनं फोन ठेवला. जयवंतनं विचारलं, कुणाचा गं? ऑफिसचा, ती म्हणाली, रोजचंच. तो म्हणाला, आंब्याला चहा चांगला मिळतो, जाऊ या? ती हो म्हणाली.

आणि पांढरा पट्टा आला.

आधी पोटावर टाका उमटला. मग समोर पाय दिसले, चिखलाचे, मग स्वेटर, मग तोंड. जुई तिच्याकडेच बघत होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं की नाही, कोण जाणे. उणी झालेली माणसं ऐकतात का, हे प्रयोगशाळेत कुणी कधी तपासलं नव्हतं.

"आई, तू काय सांगितलंस त्यांना?"

हे मी केलं, मी केलं, एवढंच उर्मिलाच्या डोक्यात वाजत होतं. तिनं फोन उघडला. पडद्यावरचे आकडे फुगून एकमेकांत शिरले होते. सहाचा आठ, आठचा नुसता डाग. तिनं वर पाहिलं. आभाळ आणि डोंगर यांच्यामधली रेघ गेली होती. पलीकडच्या कड्यावर एक झाड होतं, ते तिच्या देखत रुंद झालं आणि धूर झालं. बोळा वरून खाली येत होता.

"जयवंत," ती म्हणाली, "मी फिरवा म्हणाले."

त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं तिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तो तिच्याकडे नव्हे, पोरीकडे बघत होता. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "पंधरा पावलं आहेत. सारखी टाकायची. मोज."

"डावा पाय आधी," जुई म्हणाली.

दोघांनी डावा पाय उचलला.

एक, तिघांनी म्हटलं. त्याचा खर्ज, तिचा चढा, आणि मध्ये पोरीचा. दोन. तीन. पाऊल कुणाचं लांब पडलं की जुई बोटभर सरकायची आणि दुसरा लगेच तेवढं भरून काढायचा. दोन वर्षं ज्यांना एका वेळी फोन ठेवता आला नव्हता ती दोघं एका मापानं चालत होती. पाच. सहा. सड्याचं पूर्वेचं टोक गेलं, स्कूटर गेली. सातव्या पावलाला जयवंतचे केस आभाळात मिसळायला लागले. उर्मिलाला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडलं तर मोजणी चुकली असती. आठ. नऊ. जुईच्या स्वेटरवरचे पट्टे आता इतके रुंद झाले होते की एका बाहीवर एकच मावत होता. दहाव्याला त्यांच्या कडा ढिल्या झाल्या. पांढरा काळ्यात उतरला, काळा पांढऱ्यात चढला, आणि दोन्हींचा मिळून राख रंग व्हायला लागला.

"आई, मला दिसत नाहीये नीट," जुई म्हणाली, आणि लगेच, "अकरा."

बारा. उर्मिलानं आपला हात पुढं केला आणि तो पाहिला. बोटं पाच होती, पण कुठलं कुठं संपतं ते कळत नव्हतं. तळहातावरची शाई पसरून मनगटापर्यंत गेली होती. तेरा. आता आवाजही एकमेकांत शिरू लागले, खर्ज वर चढत होता, चढा खाली उतरत होता. समोर कोण किती लांब आहे ते दिसत नव्हतं, पण श्वास लागत होता, ऊन ऊन, दोन माणसांचा.

चौदा.

समोरून दोन हात आले. एक मोठा आणि एक लहान, पण दोन्ही फुगलेले, दोन्ही राखाडी, कुठल्यालाच कडा नाही. मोठा कोणता ते आता सांगता आलं नसतं. उर्मिलानं त्यातला एक घट्ट धरला, आणि सड्यावर एकच आवाज म्हणाला, पंधरा. तो खर्जातला नव्हता, आणि चढाही नव्हता.